तापीत सोडलेले मासे

मॅडमनी मला नदीवर यायला सांगितलं तेव्हा मी एकच अट घातली. मी काही मारणार नाही. बघेन, मोजेन, फोटो काढेन, चिखलातही उतरेन, पण जीव घेणार नाही. त्या म्हणाल्या, "तुम्हाला मारायला कोण सांगतंय? डोळे उघडे ठेवून चालायचं, एवढंच काम."

मॅडम लोणखेड्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. आमच्या कापडाच्या दुकानात त्या साड्या घ्यायला यायच्या, तेवढीच ओळख. माझी दोन्ही मुलं शिकायला बाहेरगावी गेलेली, शहाद्यातलं घर एकदम मोठं वाटायला लागलेलं, आणि मी पन्नाशीला टेकलेली. रविवारी सकाळी काठाने चालायला मिळेल, या लोभापायी मी हो म्हटलं. जैन मारवाड्याची सून मासे शोधायला निघाली म्हणून गल्लीत थोडं हसूही झालं.

पावसाळा सरला की बॅरेजची दारं लावतात आणि तापीचं पाणी मागे फुगत येतं. केळी आणि पपईच्या शेतांच्या कडेला ते संथ उभं राहतं. त्या काठाने आम्ही मूठभर माणसं हिवाळाभर चालायचो. शोधायचं होतं ते इथलं नसलेलं. परदेशातून काचेच्या टाक्यांसाठी आणलेला एक मासा तापीत दिसू लागला होता. अंगावर खवल्यांऐवजी हाडासारखे कडक पत्रे, तोंड खाली पोटाकडे, आणि पंखात बोटाला रक्त काढणारे काटे. टाकीची काच चाटून साफ ठेवतो म्हणून लोक तो हौसेने आणतात. बोटाएवढा आणलेला हाताएवढा झाला की टाकीत मावत नाही, मग नदीत नेऊन सोडतात. नदीत तो काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, काठ पोखरतो, आणि इथल्या माशांची अंडी गिळतो. पंख पसरले की विमानासारखा दिसतो, म्हणून आमच्याकडचे भोई लोक त्याला 'इमान' म्हणतात.

काठाच्या मातीत बिळं दिसली की त्यांचे फोटो घ्यायचे, आणि मॅडमनी भाजीच्या क्रेटला जाळी बांधून केलेले सापळे पाण्यातून उचलून बघायचे, असं आमचं काम. सापळ्यात आमिषाला कणकेचे गोळे असत. ते मी घरून मळून न्यायची. बहुतेक वेळा खेकडे सापडायचे, इथलेच, काळपट आणि चिडके. ते नांगी उगारत बाहेर पडायचे आणि आम्ही त्यांना पुन्हा पाण्यात सोडायचो. मला ते काम आवडायला लागलं होतं.

मग एका रविवारी सापळ्यात इमान आला. आमच्यातल्या एका कॉलेजच्या पोराने तो पंखाला धरून वाळूत भिरकावला, मॅडमनी फोटो काढला आणि आम्ही पुढे गेलो. पुष्कळ पुढे जाऊन, उन्हं चांगली तापल्यावर त्याच वाटेने परतलो, तर तो मासा जिवंत होता. अंगावर वाळू चिकटलेली, कल्ले उघडझाप करत होते.

"हा अजून मेला नाही," मी म्हटलं.

"हे पाण्याबाहेर खूप वेळ तग धरतात," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर सगळीकडे पसरतात."

"मग तुम्ही सगळे त्याला इथे टाकून गेलात ते काय समजून? मला मारायचं नाही हे खरं. पण मरायला ठेवायचं आणि मागे वळूनही बघायचं नाही, ही कुठली रीत?"

मॅडम वरमल्या. परत पाण्यात सोडता येत नाही, आणि मारण्याची नीट सोय आपण केलेली नाही, हे त्यांनी कबूल केलं. पण कबुलीने त्या माशाचं काही होणार नव्हतं. राग माझ्या डोक्यात गेला होता. मी आमची पाण्याची बादली रिकामी केली, नदीचं पाणी भरलं, मासा त्यात घातला आणि रिक्षाने घरी आणला. रिक्षावाला सारखा मागे वळून बघत होता.

घराच्या मागच्या अंगणात सिमेंटचा एक जुना हौद आहे. नळ आल्यापासून तो वापरात नव्हता. त्यात पाणी भरून मी मासा सोडला. संध्याकाळी नवरा दुकानातून आला, हौदाशी उभा राहून बराच वेळ बघत राहिला.

"किती वर्षं जगतो हा?"

"पुष्कळ, असं म्हणतात."

"बरं," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी हौदावर टाकायला हिरवी जाळी घेऊन आला. माझा नवरा बोलतो कमी.

त्यानंतर सापडलेला प्रत्येक इमान मी घरी आणू लागले. पण सापडायचे ते एखाद-दुसरे नव्हते. काठावर एक भोईण बाई जाळं सांधत बसलेली असायची. तिच्याशी दर रविवारी बोलणं होई, आणि दर खेपेला तिचा पारा चढलेला असे. एकदा तिने फाटलेलं जाळं माझ्यापुढे धरलं.

"हाऊ पाहा. पुरं जाळं फाडी टाकं येनी. कोन सोडस याले तापीमा?"

मी म्हटलं, घरात मासे पाळणारे लोक सोडतात.

"घरना मासा एक-दोन ऱ्हातस. टेम्पो भरीसन येतस, ते मी मन्हा डोयाघाई देखेल शे. तुम्हनाच गावना लोके. नारळ फोडतस, फोटो काढतस, ड्रम उलटा करतस. तुम्ही पुन्य करतस आनि जाळं आम्हनं फाटस."

ती कोणाबद्दल बोलतेय हे मला त्या क्षणी कळलं नाही. आठवड्याभरात कळलं.

माघात माझ्या सासऱ्यांची पुण्यतिथी असते. माझे मोठे दीर धान्याचे व्यापारी आहेत. आमच्या दोन्ही घरांत त्यांचाच शब्द चालतो. दरवर्षी त्या दिवशी ते काही ना काही जीवदया करतात. कधी पांजरपोळात चारा, कधी पक्ष्यांना दाणे. गेल्या दोन-तीन वर्षांपासून नदीत मासे सोडत. मी तेव्हा घरी स्वयंपाकात असायची. घाटावर पुरुष जायचे. या खेपेला त्यांच्या घरी पापड लाटता लाटता जाऊबाई सहज म्हणाल्या, "यंदाही गेल्या खेपेसारखे चांगले मासे मिळालेत. कोणी खात नाही म्हणे ते. म्हणजे परत जाळ्यात जायची भीती नाही, पुण्य पक्कं."

माझा हात थांबला. "कसे आहेत दिसायला?"

त्यांनी मोबाईल पुसून मला फोटो दाखवला. निळ्या ड्रमात, एकावर एक रचल्यासारखे, सगळे इमान होते.

आमच्यात सून जेठाशी थेट बोलत नाही. लग्न झाल्यापासून मी मोठ्या दिरांशी एक वाक्यही समोरासमोर बोलले नव्हते. काही सांगायचं तर जाऊबाईंना सांगायचं, त्या त्यांना सांगणार. तेव्हा मी जाऊबाईंना सगळं समजावलं. हे मासे इथले नाहीत, ते नदीतल्या दुसऱ्या माशांची अंडी खातात, काठ पोखरतात, जाळी फाडतात. एक वाचवायला जाऊन आपण कितीकांना मारतोय. जाऊबाईंनी ऐकलं, डोळे मोठे केले आणि रात्री निरोप पोचवला. उत्तर घेऊन त्या सकाळी चहाच्या वेळी आमच्याकडे आल्या.

"म्हणाले, जीव वाचवायला कॉलेजची परवानगी लागत नाही. आणि म्हणाले, सून रोज उठून मासे धरणाऱ्यांत बसते ते आम्ही चालवून घेतलं, आता आम्हाला धर्म शिकवू नये म्हणावं."

मी चहा तसाच ठेवला. शब्दांचा राग आला, पण त्याहून जास्त राग आला तो उत्तर न देता उत्तर दिल्याचा. मी माशांबद्दल बोलले होते. त्यांनी माझ्याबद्दल ऐकलं.

मी गप्प बसणार नव्हते. आधी सरकारी कचेरीत फोन केला. त्यांनी दुसरीकडे करायला सांगितलं. दुसरीकडच्याने विचारलं, "मासे मेलेत का?" मी म्हटलं, नाही, जिवंत आहेत, तीच तर अडचण आहे. तो म्हणाला, मेल्यावर कळवा. मग मी ज्याने मासे पुरवले त्याच्याकडे गेले. बाजारपेठेच्या टोकाला त्याचं काचेच्या टाक्यांचं दुकान. मागे पत्र्याच्या शेडमध्ये मोठमोठ्या सिमेंटच्या टाक्या. माणूस गोड बोलणारा. मला खुर्ची दिली, पाणी विचारलं.

"ताई, हा खास जीवदयेचाच माल आहे," तो म्हणाला.

"जीवदयेचा माल म्हणजे काय?"

"म्हणजे सोडण्यासाठीच वाढवतो आम्ही."

"आणि कोणी सोडले नाहीत तर? मरणार होते का ते?"

"मरतील कसे? टाकीत मजेत असतात. खातात-पितात."

"मग दया कशाची?"

तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं. "श्रद्धेचा विषय आहे ताई. लोकांना समाधान मिळतं. माझ्याकडे दोन्ही प्रकारचे लोक येतात, तुमच्यासारखे माहीतगार पण येतात."

मी उठून आले. आयुष्यभर मी ऐकत आले की आपला धर्म पाऊल टाकतानाही खाली बघायला शिकवतो. आणि इथे खाली बघायची गरजच कोणाला वाटत नव्हती. मासा पाण्यात पडला की आपलं काम संपलं, पाण्याखाली काय होतं ते पाणी जाणे. मला लाज वाटली की राग आला ते सांगता येणार नाही. घरी येऊन मी उशांचे अभ्रे आणि चादरी काढून सगळं धुवायला टाकलं.

पुण्यतिथीच्या सकाळी मी स्वयंपाकाला बाई लावली आणि पुरुषांच्या मागोमाग घाटावर गेले. मॅडमना येऊ नका म्हणून सांगितलं होतं. हे आमच्या घरातलं होतं.

घाटावर टेम्पो उभा होता, त्यात चार-पाच निळे ड्रम. गावातली ओळखीची माणसं जमली होती. एका स्थानिक पेपरचा वार्ताहर मोबाईल धरून तयार. नवरा एका बाजूला उभा होता. मोठे दीर पायऱ्यांवर होते, पांढरं धोतर, डोक्यावर रुमाल. मी पोचेपर्यंत पहिला ड्रम उलटा झाला होता. मासे पायऱ्यांवरून खडखड वाजत पाण्यात गेले. त्यांच्या अंगाचा तो आवाज मला अजून आठवतो, खडे ओतल्यासारखा. लोकांनी जयजयकार केला. काठापासून थोडं लांब ती भोईण बाई होडीत बसलेली होती. तिने आमच्याकडे पाठ केली.

दुसऱ्या ड्रमला हात लागला तेव्हा मी पदर नीट केला आणि पायऱ्या उतरले.

"जेठजी, हे थांबवा."

मासे राहिले बाजूला, मी बोलले याचाच लोकांना धक्का बसला. दीर माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाले, "तिला घरी घेऊन जा."

"त्यांना सांगू नका," मी म्हटलं. "मी तुमच्याशी बोलतेय. इतकी वर्षं बोलले नाही, आता बोलते. हे मासे मरणार नव्हते. यांना तुम्ही कशातूनही सोडवलेलं नाही. त्या माणसाने हे तुम्हाला विकण्यासाठी वाढवले. आज तुम्ही सोडाल, उद्या हे नदीतल्या माशांची अंडी खातील. त्या अंड्यांत जीव नाही का? बाबूजींच्या नावाने तुम्ही ही हिंसा करताय."

हिंसा हा शब्द मी मुद्दाम वापरला. आमच्यात तो हलका शब्द नाही. त्यांचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे आम्ही कसाई?"

"मी तसं म्हटलं नाही. पण खाली पाण्यात काय होतं ते न बघता करताय, हे म्हटलं."

"नदीत माशाला सोडणं पाप, हे आजच ऐकलं," जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, आणि काहीजण हसले. वार्ताहराने मोबाईल खाली घेतला होता. आता त्याने पुन्हा वर धरला. दिरांनी मजुराला खूण केली, ओत म्हणून.

तेव्हा माझा नवरा पायऱ्यांवरून खाली आला. त्याने मजुराच्या हातातल्या ड्रमची दुसरी कड धरली. मला वाटलं, तो ओतायला मदत करतोय. तो म्हणाला, "भाईजी, बाकीचे मी घरी नेतो. आपला हौद आहे. बाबूजींच्या नावाने तिथे सांभाळू. मरणार नाहीत, तुमचं पुण्य जात नाही." आणि मजुराला म्हणाला, "चढव रे वर."

थोरल्या भावापुढे त्याने कधी मान वर केली नव्हती. दीर वळले आणि पायऱ्या चढून गाडीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या ड्रमचा फोटो आला, दिरांचं नाव मोठ्या अक्षरात, खाली 'मुक्या जिवांना जीवदान'. बाकीच्या ड्रमांबद्दल एक ओळही नव्हती. मी त्या वार्ताहराला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "काकू, घरगुती वाद आम्ही छापत नाही."

पुढच्या रविवारी मी नदीवर गेले तेव्हा भोईण बाईला वाटलं मी काहीतरी मोठं सांगायला आलेय. मी सांगितलं की बाकीचे ड्रम थांबवले. ती जाळ्यातली गाठ दाताने ओढत म्हणाली, "आनि पयला ड्रम?" मी पोचायच्या आधीच तो उलटा झाला होता, हे मी सांगितलं. "घरमा पयलेच सांगता ना," ती म्हणाली. मी सांगितलं होतं, असं मला म्हणायचं होतं. पण तिला माझ्या घरातल्या निरोपांच्या रीतीशी काय करायचं होतं?

उन्हाळाभर दिरांच्या घरच्यांचं आमच्याकडे येणं बंद राहिलं. सासूबाई त्यांच्याकडे राहतात. त्यांना भेटायला मी गेले की दीर पुढच्या खोलीत निघून जायचे. जाऊबाई स्वयंपाकघरात माझा हात दाबायच्या आणि विषय बदलायच्या. ज्या लोकांनी घाटावर हसून घेतलं, ते दुकानात यायचे आणि नवऱ्याला विचारायचे, "काय, मासे बरे आहेत ना?" तो कापड मोजत म्हणायचा, "बरे आहेत. तुमच्याकडे कसं काय?"

भाद्रपदात संवत्सरी आली. त्या दिवशी आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो, ज्याच्याशी भांडण झालं त्याची आधी. मी जायची तयारी करत होते, तेवढ्यात दीर स्वतः दारात आले. हात जोडून म्हणाले, "खमत खामणा. मनाने, बोलण्याने दुखावलं असेन तर क्षमा कर." थेट मला म्हणाले, मधे कोणी नाही.

मीही हात जोडले. "मी तापून बोलले, चार माणसांत बोलले, त्याची क्षमा मागते," मी म्हटलं. "ड्रम थांबवले, त्याची मागत नाही."

ते म्हणाले, "दाखव तुझा हौद."

हौदापाशी ते वाकून उभे राहिले. मासे तळाशी चिकटून पडलेले, मधूनच एखादा वर येऊन हवा घ्यायचा आणि परत बुडायचा. "भारी कुरूप आहेत," ते म्हणाले. त्यांना काही पटलं की नाही, ते मी विचारलं नाही. पुढच्या माघात मासे येणार नाहीत, चारा जाईल, असं जाऊबाईंनी नंतर सांगितलं. पण तो पुरवणारा माणूस काही उपाशी बसलेला नाही. दुसऱ्या गावांतली माणसं त्याच्याकडून ड्रम नेतात, दुसऱ्या घाटांवर उलटे करतात. काठाच्या मातीत बिळं वाढतायत. मॅडम फोटो पाठवतात, कचेऱ्यांतून पोच येते.

गावात मात्र माझं नाव भलत्याच कारणाने पसरलं. दिवाळीनंतर एका सकाळी दुकानाच्या शटरला पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी टांगलेली होती, आत एक इमान. पुढे पिशव्या येतच राहिल्या. ज्यांच्या टाकीत मावत नाही ते आणून टांगतात आणि निघून जातात, तोंड दाखवत नाहीत. नवऱ्याने हौदाशेजारी आणखी एक टाकी बांधायला गवंड्याला बोलावलं.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ स्कूटरवरून उतरताना हाती लागले. त्यांच्या हातातल्या टबात परदेशी कासव होतं, कानाशी लाल पट्टा असलेलं.

"काकू, तुम्ही घेता म्हणे. मुलगी कंटाळली हो."

"मुलगी कंटाळली म्हणून जीव दुसऱ्याच्या दारात ठेवायचा?" मी विचारलं. "आणताना विचारलं होतं का, हे किती वर्षं जगतं?"

"रागावू नका. नदीत सोडणार होतो, तर बायको म्हणाली तुमच्याकडे द्यावं."

मी त्यांच्या हातातून टब घेतला. रागवायचं थांबले नाही. गिऱ्हाईक दुकानात उभं होतं तरी त्यांना सगळं ऐकवलं, आणि त्यांच्या मुलीला दर रविवारी पाला घेऊन पाठवायचं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. मुलगी अजून आलेली नाही.